मोबाईल कंपनीकडे दाद कशी मागावी? सातारा-सांगलीच्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ग्राहकांना तक्रारअर्ज लिहून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. बहुतेकांची हकीकत सारखीच असते: रिचार्जचे पैसे गेले, रेंज मिळाली नाही, कस्टमर केअरला फोन लावून माणूस थकला आणि शेवटी त्याने तो नाद सोडून दिला. ग्राहकाच्या बाजूचे नियम पुष्कळ आहेत, परंतु ज्याच्याजवळ लेखी नोंद असते त्यालाच ते उपयोगी पडतात. म्हणूनच पुढील उत्तरांत नोंद, तारीख आणि पोच यांचा उल्लेख वारंवार येईल.

कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) जाऊन अनेकदा सांगितले, तरी काही झाले नाही. ही तक्रार धरली जाईल का?

केवळ तोंडी सांगितले असेल तर धरली जाणार नाही. पोवई नाक्यावरची असो वा विश्रामबागची, अनेक गॅलऱ्या कंपनीने दुसऱ्याला चालवायला दिलेल्या असतात. काउंटरवरचा मुलगा ‘वर कळवतो’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही. पण त्याचे ते कळवणे कुठेही नोंदले जात नाही आणि पुढच्या खेपेला काउंटरवर दुसराच कोणीतरी असतो.

तक्रारीची रीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांत ठरवून दिली आहे. प्रत्येक कंपनीने निःशुल्क क्रमांकाचे तक्रार केंद्र चालवले पाहिजे, आलेल्या प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र डॉकेट क्रमांक दिला पाहिजे, आणि तो क्रमांक, नोंदणीची तारीख व वेळ आणि निवारणाची मुदत हे सर्व ग्राहकाला एसएमएसने कळवले पाहिजे. तक्रारीसाठी १९८ हा क्रमांक लावावा. गॅलरीत गेलात तरी तिथूनच १९८ लावून डॉकेट क्रमांक घ्यावा, किंवा लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. डॉकेट क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण फोन हरवला की एसएमएसही जातो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो.

१९८ वर बटणे दाबत राहावे लागते, माणूस बोलतच नाही. यावर काही नियम आहे का?

आहे. त्याच विनियमांनुसार ध्वनिमुद्रित सूचनांच्या पहिल्या टप्प्यात भाषेची निवड, दुसऱ्यात विषयाचे मुख्य प्रकार आणि तिसऱ्या टप्प्यात प्रतिनिधीशी बोलण्याचा पर्याय असला पाहिजे. प्रतिनिधीशी बोलू इच्छिणाऱ्यांचे ९५ टक्के कॉल ९० सेकंदांच्या आत घेतले गेले पाहिजेत, असा सेवेच्या दर्जाचा निकष आहे. पहिल्याच टप्प्यावर मराठी निवडावी. हिंदीत अडखळत सांगितलेली तक्रार भलत्याच सदरात नोंदली जाते आणि मग तिचे ‘निवारण’ही भलतेच होते, असा अनुभव वयस्कर ग्राहकांकडून फार वेळा ऐकला आहे. कॉल मध्येच तुटत असेल तर कंपनीच्या ॲपवरून किंवा ईमेलने तक्रार करावी आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवावा.

‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला, पण अडचण जशीच्या तशी आहे. पुन्हा तक्रार करावी का?

तीच तक्रार पुन्हा केली की नवा डॉकेट क्रमांक मिळतो, नवी मुदत सुरू होते आणि ग्राहक पहिल्या पायरीवरच फिरत राहतो. बहुसंख्य लोक नेमके याच ठिकाणी अडकतात. खरा मार्ग अपिलाचा आहे. प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी असतो. तक्रार समाधानकारक रीतीने सुटली नाही किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच्याकडे अपील करता येते. अपिलाला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ईमेलने, टपालाने किंवा समक्ष अपील देता येते आणि ते ३९ दिवसांत निकाली निघाले पाहिजे.

अपिलाची छाननी आधी दोन सदस्यांची सल्लागार समिती करते. त्यांपैकी एक सदस्य कंपनीचा, तर दुसरा ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचा असतो. म्हणजे आपला कागद निदान एका बाहेरच्या माणसाच्या नजरेखालून जातो, आणि एवढ्या एका कारणासाठीही अपील करावे असे माझे स्पष्ट मत आहे. अपिलात रागाचे शब्द कमी आणि तपशील जास्त असावेत: मोबाईल क्रमांक, डॉकेट क्रमांक, तक्रारीची तारीख, काय झाले, कंपनीने काय उत्तर दिले आणि आपल्याला नेमके काय हवे आहे. ‘सेवा सुधारावी’ असे मोघम न लिहिता ‘अमुक तारखेला कापलेले अमुक रुपये परत करावेत’ असे लिहावे. प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो.

थेट ट्रायकडेच तक्रार केली तर?

ट्राय ही नियम करणारी संस्था आहे. एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा ती करत नाही. तिथे पाठवलेले पत्र कारवाईसाठी संबंधित कंपनीकडेच जाते. मात्र अपिलानंतरही दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण लहान रकमेचा वाद असेल तर प्रकरण पुढे वाढू न देता पैसे परत करणे कंपन्यांना अनेकदा सोयीचे वाटते.

ग्राहक आयोगात जाता येते का? तिथे मोबाईलच्या तक्रारी चालत नाहीत असे ऐकले आहे.

ही समजूत एके काळी बरोबर होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ७ब मध्ये लवादाची तरतूद होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) मार्ग बंद ठरवला होता. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ही स्थिती बदलली. अहमदाबादच्या ज्या ग्राहकाचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत होते, त्याला २०१३ मध्ये एका महिन्याचे तब्बल २४,६०९ रुपयांचे बिल आले. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दूरसंचार सेवा ही ग्राहक कायद्यातील ‘सेवा’च आहे आणि ग्राहक आयोगाला अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे. ‘टेलिफोनच्या केस इथे चालत नाहीत’ असे कोणी सांगितल्यास या निकालाची तारीख सांगावी.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी सोय केली आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, माण-खटावच्या ग्राहकाला साताऱ्याच्या आणि जत-आटपाडीच्या ग्राहकाला सांगलीच्या आयोगात दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मोबाईलची जवळजवळ प्रत्येक तक्रार यातच बसते. वकील करणे सक्तीचे नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. अपील केलेच पाहिजे अशी अट नसली, तरी अपिलाचा कागद सोबत असला की ‘ग्राहक आमच्याकडे आलाच नाही’ हा कंपनीचा नेहमीचा बचाव टिकत नाही.

आमच्या गावात रेंजच येत नाही. रिचार्ज मात्र पूर्ण घेतात. याला काही उपाय आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा या तालुक्यांतली गावे डोंगराच्या कुशीत वसलेली आहेत. मोबाईलच्या लहरी डोंगर भेदून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे टॉवर हवाई अंतराने जवळ असूनही मधली एक सोंड गावाला रेंजपासून तोडते. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यासारख्या भागात, वस्ती विरळ आणि रस्ता लांबचा असल्याने टॉवर उभारणे कंपनीला परवडत नाही. टॉवर असला तरी पावसाळ्यात महावितरणची वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तासच चालतात, आणि घाटात डिझेल वेळेवर पोहोचले नाही की सगळे खोरे मुके होते. अशा वेळी सापाने दंश केलेल्या माणसासाठी गाडी बोलवायची तरी कशी, हा प्रश्न तिथल्या लोकांसाठी जिवावरचा आहे.

प्रत्येक वाडीत रेंज पोहोचवण्याचे सरसकट बंधन परवान्यात नसते. त्यामुळे ‘टॉवर उभारा’ या मागणीपेक्षा ‘रेंज आहे असे सांगून पैसे घेतले’ ही तक्रार अधिक भक्कम ठरते. सेवेच्या दर्जाविषयी २०२४ मध्ये आलेल्या नव्या विनियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. सिम घेण्यापूर्वी तो पाहावा. नकाशात आपले गाव रंगवलेले असेल आणि प्रत्यक्षात फोन लागत नसेल, तर नकाशाचा स्क्रीनशॉट, गावातून ट्रायच्या मायस्पीड ॲपवर घेतलेल्या चाचण्या आणि डॉकेट क्रमांक असे तीन कागद एकत्र ठेवावेत.

गावाने एकत्र येण्याला कायद्यात वेगळे स्थान आहे. एकाच स्वरूपाची तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक, ग्राहक आयोगाच्या परवानगीने, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकत्रित तक्रार करू शकतात. ग्राहकांच्या समूहाला दिल्लीच्या दूरसंचार तंटा न्यायाधिकरणाकडेही जाता येते; एकट्या ग्राहकाला तो मार्ग नाही. मुळात टॉवरच नसलेल्या गावांनी ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दूरसंचार विभागाकडे पाठवावा. सेवा न पोहोचलेल्या गावांत ४जी नेण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिले. आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले तरी तो कागद पुढच्या मागणीचा आधार ठरतो.

टॉवर कित्येक दिवस बंद होता. तेवढ्या दिवसांचे पैसे परत मिळतात का?

जिल्हा पातळीवरचा मोठा बिघाड २४ तासांपेक्षा जास्त टिकला, तर त्या जिल्ह्यातील पोस्टपेड ग्राहकांना पुढच्या बिलात तेवढ्या दिवसांच्या भाड्याची सूट आणि प्रीपेड ग्राहकांना तेवढे दिवस वैधता वाढवून मिळाली पाहिजे, असे २०२४ चे विनियम सांगतात. प्रीपेडची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. मात्र नैसर्गिक आपत्तीने झालेला बिघाड यातून वगळला आहे. त्यामुळे ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ सारखा कृष्णा-वारणेचा महापूर आला, तर सांगली, पलूस किंवा वाळव्याच्या ग्राहकाला या तरतुदीचा लाभ मिळणार नाही. एका गावाचा एकच टॉवर बंद पडला तरी तो ‘जिल्ह्याचा बिघाड’ ठरत नाही. ही तरतूद मला अपुरी वाटते, कारण खेड्यात त्रास होतो तो बहुधा याच प्रकारचा असतो. अशा वेळी टॉवर बंद पडल्याच्या दिवशीच तक्रार नोंदवून बंद दिवसांची वैधता लेखी मागावी.

आमचे गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेवर आहे. घरात बसूनही फोन रोमिंग दाखवतो आणि नेट बंद पडते.

आपला क्रमांक ‘महाराष्ट्र व गोवा’ सर्कलचा, म्हणजे त्या दूरसंचार विभागणीचा, असतो, पण पलीकडच्या टॉवरचा सिग्नल जोरदार असला की फोन कर्नाटक सर्कल पकडतो आणि कन्नडमधून स्वागताचा मेसेज येतो. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर त्या क्षणी नेट थांबते. सध्याच्या बहुतेक अमर्याद पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंग धरलेले असते, तेव्हा पॅकची अट एकदा वाचून डेटा रोमिंग सुरू ठेवावे. पैसे जादा कापले गेले तर तक्रारीत ‘मी गावातच होतो’ हे मुद्दाम लिहावे.

नंबर पोर्ट करायचा आहे, पण कंपनी विनंती नाकारते किंवा गळ घालणारे फोन करत राहते. काय करावे?

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक, असा एसएमएस १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा, कोड येतो. आपल्या सर्कलमध्ये तो चार दिवस चालतो. रिचार्ज संपले म्हणून हा एसएमएस अडवता येणार नाही, असे ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये बजावले आहे. तरीही तो जात नसेल तर ती स्वतंत्र तक्रार होते. कोड घेऊन नव्या कंपनीकडे जावे; जुन्या कंपनीची परवानगी लागत नाही. त्याच सर्कलमध्ये तीन आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजाचे दिवस लागतात.

कोड नाकारण्याची कारणे ठरलेली आहेत: सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण नसणे, पोस्टपेडची थकबाकी असणे, मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असणे, क्रमांकाविषयी न्यायालयात वाद चालू असणे, कार्यालयाच्या नावावरील क्रमांकासाठी अधिकारपत्र नसणे, अशी ती आहेत. १ जुलै २०२४ पासून त्यांत एकाची भर पडली: सिम बदलून घेतले असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. नाकारताना नेमके कारण दिले पाहिजे. ‘सर्व्हर डाऊन आहे, नंतर या’ हे त्या यादीत नाही.

पाटण-जावळीकडच्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई हे वेगळे सर्कल आहे. कामासाठी मुंबईत असताना घेतलेला क्रमांक गावी परत आल्यावरही मुंबईचाच राहतो, आणि सिम खराब झाले की गावाजवळच्या गॅलरीत त्याची नक्कल काढताना अडचण येते. कायमचे गावी आला असाल तर क्रमांक महाराष्ट्र सर्कलमध्ये पोर्ट करून घेणे बरे.

आजीला फक्त बोलायला फोन लागतो. तरी नेटसह महागडा पॅक का घ्यावा लागतो?

आता घ्यावा लागत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ कॉल आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा खास पॅकची कमाल वैधता ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. दुकानदार तो पॅक आपणहून सांगत नाहीत. ‘नेट नसलेला पॅक द्या’ असे मागावे लागते. तसेच २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षाला १३ रिचार्ज पडतात, या तक्रारीवरून २०२२ च्या आदेशाने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, असे पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजेत. दर वाढवायला कंपन्या मोकळ्या आहेत. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिघांनीही ते वाढवले. मात्र आगाऊ पैसे भरून घेतलेल्या पॅकच्या अटी त्याच्या मुदतीत ग्राहकाच्या तोट्याच्या करता येत नाहीत.

न मागता कुठली तरी सेवा सुरू झाली आणि बॅलन्समधून पैसे गेले.

अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असा २०१३ पासूनचा नियम आहे. १५५२२३ या निःशुल्क क्रमांकावरून ती बंद करता येते. सुरू झाल्यापासून २४ तासांत हरकत घेतली तर कापलेले पैसे परत द्यावे लागतात. पैसे नेमके कशापोटी गेले हे कळत नसेल, तर प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील कोणत्याही काळाचा तपशीलवार हिशोब मागता येतो. कंपनीने तो ३० दिवसांत, जास्तीत जास्त ५० रुपये घेऊन दिला पाहिजे.

रिचार्ज केले नाही तर नंबर किती दिवस टिकतो?

कॉल, एसएमएस, नेट यांपैकी काहीही ९० दिवस वापरले नाही, तर प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये असतील तर ते कापून मुदत वाढते. बंद झालेला क्रमांक पुढे ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणून जुना क्रमांक सोडण्यापूर्वी बँक, आधार, गॅस, सात-बाराचे पोर्टल आणि पतसंस्था अशा सर्व ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा. नाहीतर आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल.

चांगली रेंज असलेल्या ठिकाणी फोन अचानक ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला. थांबून पाहावे का?

थांबू नये. शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन चालू असेल, तर आपल्या नावाने कोणीतरी दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावे. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात; हा अवधी ग्राहकाला सावध होता यावे म्हणूनच आहे. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते आणि अनोळखी क्रमांक तिथूनच बंद करण्याची मागणी करता येते.

वडिलांच्या निधनानंतर त्यांचा नंबर चालू ठेवायचा आहे. गॅलरीत सांगतात की मालकानेच यावे.

क्रमांक कायदेशीर वारसाच्या नावावर करता येतो. मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारा कागद, इतर वारसांचे ना-हरकत पत्र आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन अर्ज करावा. पोस्टपेड असेल तर थकबाकी आधी भरावी. ‘मालकानेच यावे’ हे उत्तर मिळाले, तर तेच उत्तर अर्जाच्या प्रतीवर लिहून मागावे. लिहून देण्याची वेळ आली की बहुधा वरिष्ठांना विचारले जाते आणि अर्ज स्वीकारला जातो. तोपर्यंत त्या क्रमांकाचे रिचार्ज संपू देऊ नये, कारण वडिलांच्या बँक खात्याचे आणि पेन्शनचे मेसेज त्यावरच येत असतात.